वीजबिलातली कोळशाची ओळ : ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती बिलाचं परीक्षण

परीक्षणासाठी घेतलंय ते महावितरणचं लघुदाब घरगुती वीजबिल, ठाणे आणि वाशी मंडलांतल्या ग्राहकाच्या हाती पडतं तसं. ठाणे शहर, घोडबंदर रोड, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत हेच बिल येतं. शीळ-मुंब्रा-कळवा भागात बिल फ्रँचायझी (महावितरणने नेमलेली खासगी कंपनी) देते, पण दर राज्याच्या वीज नियामक आयोगाचेच असतात, त्यामुळे खालचं सगळं तिथेही तितकंच लागू आहे. गुण द्यायचे तर पाचपैकी तीन.

तीन गुण मांडणीचे. मागचं आणि चालू रीडिंग, मागच्या महिन्यांचा वापर, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क ही सगळी खाती वेगवेगळी दिसतात आणि भरणा घरबसल्या होतो. यावर अधिक लिहायची गरज नाही. उरलेले दोन गुण कापलेत ते ‘इंधन समायोजन आकार’ या एकाच ओळीसाठी. बिलातली सगळ्यात बोलकी व्हायला हवी अशी ही ओळ, आणि नेमकी तीच मुकी आहे. खाणींचा कायदा आणि विजेचा कायदा याच ओळीत एकमेकांना भेटतात. भेटीचा खर्च ग्राहक भरतो, पण भेटीत काय ठरलं ते बिल सांगत नाही.

आधी ओळ काय करते ते पाहू. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६२(४) प्रमाणे एका आर्थिक वर्षात वीजदर सहसा एकदाच बदलता येतो. अपवाद एकच, इंधन अधिभाराच्या सूत्राने होणारा बदल. दर ठरवताना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग कोळसा, वायू आणि बाहेरून घेतलेली वीज यांचा एक अंदाज धरतो. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त किंवा कमी झाला की फरक या ओळीतून वसूल होतो किंवा परत मिळतो. हिशेब व्हायला वेळ लागतो, म्हणून एका महिन्याच्या खरेदीतला फरक साधारण दोन महिन्यांनी बिलात उतरतो. मे महिन्यात घर बंद होतं आणि जुलैत आकार वाढला, तर त्यात चूक काही नाही. जुलैत जे युनिट जळले त्यांच्यावर मेच्या कोळशाचा फरक बसतो, एवढाच त्याचा अर्थ.

पडताळणी सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. महावितरण दर महिन्याला इंधन समायोजनाचं परिपत्रक काढतं, ते त्यांच्या संकेतस्थळावर वाणिज्यिक परिपत्रकांत असतं. घरगुती ग्राहकासाठी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चार टप्पे असून प्रत्येकाला प्रति युनिट पैसे वेगळे. समजा परिपत्रकात पहिल्या टप्प्याला ३० पैसे आणि दुसऱ्याला ५० पैसे आहेत आणि वापर २४० युनिट आहे. पहिल्या १०० युनिटांचे ३० रुपये, पुढच्या १४० चे ७० रुपये, मिळून १००. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी १६ रुपये. (पैशांचे आकडे इथे उदाहरणापुरते, टप्पे आणि शुल्काचा दर खरे.) हे शेवटचे १६ रुपये बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. इंधन महागलं की राज्याचं शुल्कही आपोआप वाढतं.

गडबड होते ती दोन ठिकाणी. रीडिंग न घेता सरासरी बिल आलं की आकारही सरासरी युनिटांवरच लागतो. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की आधीची सरासरी रक्कम वजा होते, पण इंधनाचा दर दोन्ही महिन्यांना वेगळा होता, हे तपासायचं राहून जातं. दुसरी अडचण दोन महिन्यांचे युनिट एकत्र धरल्यावर येते. ४०० युनिट एकाच महिन्याचे मानले तर शंभर युनिट ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जातात. दोनशे-दोनशे असे महिन्यांत विभागले तर एकही युनिट त्या टप्प्यात पोचत नाही. टप्प्यांचा लाभ महिन्यांच्या प्रमाणात मिळालाय की नाही, हे वीज आकारात आणि इंधन आकारात वेगवेगळं बघावं.

इथवर सगळं विजेच्या कायद्याच्या अंगणातलं. पण फरक निर्माण होतो तो कुंपणापलीकडे.

राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, नोंद ३८. केंद्र कायदा करतं, राज्यही करू शकतं, आणि दर राज्याचा आयोग ठरवतो. खाणींचं नियमन मात्र संघसूचीच्या नोंद ५४ खाली संसदेने मोठ्या प्रमाणावर स्वतःकडे घेतलंय. त्यासाठीचा मूळ कायदा म्हणजे १९५७ चा खाणी आणि खनिजे (विकास आणि नियमन) कायदा. रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं, पण त्याचा दर केंद्र ठरवतं. तो दर तीन वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा वाढवता येत नाही, असं कलम ९ सांगतं. म्हणजे वीजदराला वर्षाचं बंधन, रॉयल्टीच्या दराला तीन वर्षांचं. पण या दोन्हींच्या मधोमध जो आकडा आहे, खाणीच्या तोंडावरची कोळशाची किंमत, त्याला असं कुठलंच बंधन नाही. २००० सालापासून कोळशाच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि किंमत कोळसा कंपनी स्वतः जाहीर करते. उदाहरणार्थ, कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीने ३१ मे २०२३ पासून जी२ ते जी१० या प्रतींची (प्रतवारी पुढे येते) किंमत ८ टक्क्यांनी वाढवली. कोळशासाठी नियामक प्राधिकरण नेमण्याचं विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत आलं होतं, पण ते पारित न होता बारगळलं.

या परीक्षणातला मुख्य आक्षेप हाच. विजेचा दर वाढवायचा तर विद्युत कायद्याच्या कलम ६४ खाली अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात, १२० दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. कोळशाचा दर वाढवायला यातलं काहीच लागत नाही. औष्णिक विजेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो, आणि तो वाटा ज्या टप्प्यावर ठरतो तिथे ग्राहकाला खुर्चीच नाही. आयोगासमोर तो पोचतो तेव्हा कोळसा जळून राख झालेली असते.

आता प्रतवारी. सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो, म्हणून इथे थोडं थांबतो. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर, म्हणजे किलोभर कोळसा जळून किती उष्णता मिळते यावर ठरते. जी१ ते जी१७ अशा सतरा प्रती, बहुतेक प्रतींची पट्टी ३०० किलोकॅलरींची. जी११ म्हणजे किलोमागे ४,००१ ते ४,३०० किलोकॅलरी, जी१२ म्हणजे ३,७०१ ते ४,०००. खाणीची प्रत जाहीर करणं हे कोळसा नियंत्रकाचं काम, म्हणजे खाण कायद्याच्या बाजूचं. विजेचा आयोग मात्र वीज केंद्राला ‘मिळालेल्या’ कोळशाचा उष्मांक बघतो.

एक युनिट वीज करायला साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते असं धरा. ४,१५० उष्मांकाचा कोळसा असेल तर युनिटमागे ५७८ ग्रॅम लागतो. बिल त्याच प्रतीचं आलं, पण भट्टीत पोचलेला कोळसा ३,८५० चा निघाला तर ६२३ ग्रॅम जळतो. वीज केंद्रापर्यंत पोचलेल्या कोळशाचा भाव टनाला ४,००० रुपये मानला तर २ रुपये ३१ पैशांचा खर्च २ रुपये ४९ पैसे होतो. एकच प्रत घसरली आणि युनिटमागे १८ पैसे वाढले. एका मालगाडीत साधारण ४,००० टन कोळसा येतो, यावरून पैशांचा अंदाज करा.

आणि दर वेळी यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. कोळसा कंपनी उष्मांक मोजते तो ठराविक ओलाव्यावर, ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या नमुन्यावर. वीज केंद्र मोजतं तो वाघिणीतून उतरलेल्या ओल्या कोळशावर. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या उघड्या खाणींत पावसाळ्यात कोळसा भिजतो. ओलावा वाढला की त्याच दगडाचा उष्मांक कागदावर एक आणि वीज केंद्राच्या वाहक पट्ट्यावर दुसरा येतो. त्यात नमुना कुठून घेतला हा प्रश्न. वाघिणीच्या वरच्या थरातूनच घेतला तर तळाचे दगड सुटतात. केंद्राच्या आवारात ढीग पडून राहिला की हवेने ऑक्सिडीकरण होऊन आणखी उष्मांक जातो. केंद्रीय विद्युत नियामक आयोग यासाठी किलोमागे ८५ किलोकॅलरींची सूट देतो. भरतीच्या जागी त्रयस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची पद्धत सुरू झाली तेव्हापासून हे अंतर मोजता तरी येतं. पण बिलावरच्या ओळीत यातलं काही नाही. भाव वाढला म्हणून आकार वाढला की प्रत घसरली म्हणून, हे ग्राहकाला कळायला हवं. भावासाठी कुणाला जबाबदार धरता येणार नाही, प्रतीसाठी धरता येतं.

करांचा भाग त्या मानाने सरळ आहे. कोळशावरची रॉयल्टी मूल्याच्या १४ टक्के. त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा हिस्सा, १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के. मूळ किंमत टनाला १,५०० रुपये धरली तर रॉयल्टी २१०, प्रतिष्ठान ६३, दोन्ही मिळून २७३ रुपये. युनिटमागे साधारण १६ पैसे. त्यातले प्रतिष्ठानाचे साडेतीन पैसे खाणीच्या जिल्ह्यातल्या पाण्यावर, आरोग्यावर, शाळांवर खर्च व्हायचे असतात. ठाण्यातला ग्राहक महिन्याला २५० युनिट वापरत असेल आणि सगळी वीज अशा कोळशाची असेल, तर चंद्रपूरसारख्या जिल्ह्यासाठी महिन्याला जेमतेम ९ रुपये. धूळ त्यांच्या अंगणात पडते आणि दिवा आपल्या घरात लागतो. हे ९ रुपये द्यायलाच हवेत, आणि ते तिथे खरोखर पोचतात का हेही विचारायला हवं.

जीएसटीतला बदल मात्र नीट समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला आणि टनामागचा ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला. करपात्र मूल्य २,००० रुपये असलेल्या कोळशावर आधी १०० अधिक ४०० असे ५०० रुपये पडत, आता ३६०. टनाला १४० रुपये कमी, युनिटला ८ पैसे कमी. पण मूल्य ३,०७७ रुपयांच्या वर गेलं की गणित उलटतं आणि नवा कर जड होतो. म्हणजे देशी कमी प्रतीचा कोळसा स्वस्त झाला, आयात केलेला महागला. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे वीज कंपनीला या कराची वजावट घेता येत नाही. तो जसाच्या तसा खर्चात जातो. खर्च कमी झाला असेल तर तेही इंधनाच्या ओळीत दिसायला हवं. उपकर वाढल्याचा हिशेब ग्राहकाने जसा भरला, तसाच तो गेल्याचाही मागावा.

इथे ‘कायद्यातील बदल’ हे प्रकरण येतं. विद्युत कायद्याच्या कलम ६३ खाली निविदेने ठरलेल्या वीजखरेदी करारांत एक कलम असतं : करारानंतर कायदा बदलला आणि खर्च बदलला, तर फरक खरेदीदाराने द्यायचा किंवा त्याला परत मिळायचा. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एनर्जी वॉचडॉग प्रकरणात रेघ ओढली. इंडोनेशियाने आपल्या कोळशाचे निर्यातभाव नियमाने वाढवले, हा आपल्या करारातला कायद्यातला बदल नाही. पण देशातलं कोळसा वाटपाचं धोरण बदललं आणि कबूल केलेला कोळसा मिळाला नाही, तर तो बदल आहे. खाणधोरणातला फेरफार वीजबिलात कोणत्या दाराने येतो, हे या निकालाने पक्कं केलं. विदर्भातलं उदाहरण लोहारा कोळसा खंडाचं (खंड म्हणजे खाणीसाठी वाटून दिलेला कोळशाचा भूभाग). तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाला दिलेला हा खंड ताडोबाच्या शेजारी होता, पर्यावरण मंत्रालयाने वाट अडवली, आणि वाघांच्या जंगलासाठी घेतलेल्या त्या योग्य निर्णयाचा खर्च कुणी सोसायचा यावरून महावितरणविरुद्धचा वाद वरच्या न्यायालयांपर्यंत गेला. २०१४ मध्ये २१८ पैकी २१४ कोळसा खंडांचं वाटप रद्द झालं, तेव्हाही कुणाच्या खाणी गेल्या याची चर्चा झाली, कुणाच्या बिलात काय येणार याची फारशी नाही.

पुढचा मोठा फरक याच वाटेवर उभा आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की रॉयल्टी हा कर नाही, आणि खनिज हक्कांवर व खनिज असलेल्या जमिनीवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. त्यानंतर १४ ऑगस्टला सांगितलं की १ एप्रिल २००५ पासूनची मागणी राज्यांना करता येईल, पण वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. महाराष्ट्रातल्या वीज केंद्रांना कोळसा फक्त विदर्भातून येत नाही, छत्तीसगड आणि ओडिशातूनही येतो. तिथल्या विधानसभेने बसवलेला कर आपल्या विधानसभेत चर्चेला येणार नाही, आपल्या आयोगासमोर हरकतीसाठी येणार नाही, आणि तरी नेरूळच्या बिलात दिसेल.

बिलाच्या बाहेर, याच सेवेचा एक भाग मात्र मनापासून वाखाणण्यासारखा आहे, आणि तो नवी मुंबईतच आहे. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात कुठलं वीज केंद्र किती चालवायचं हे क्षणाक्षणाला ठरतं, आणि त्याचा आधार असतो चल खर्चाची (जितकी वीज बनेल तितका होणाऱ्या, मुख्यतः इंधनाच्या खर्चाची) उतरंड, ज्याला सगळे मेरिट ऑर्डर म्हणतात. स्वस्त वीज आधी, महाग नंतर. ही यादी संकेतस्थळावर पाहता येते. कोळशाची वाहतूक, प्रत आणि कर यांचा एकत्रित परिणाम तिथे प्रति युनिट रुपयांत दिसतो. खाणींच्या कुशीतलं चंद्रपूर आणि शेकडो किलोमीटर रेल्वेभाडं भरणारं नाशिकजवळचं एकलहरे यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. दोन महिन्यांच्या याद्या समोर ठेवल्या तर इंधनाची ओळ का हलली याचं अर्धं उत्तर मिळतं. हाच तक्ता चार ओळींत बिलाच्या मागे छापला, तर कापलेल्या दोन गुणांपैकी एक परत देता येईल.

तक्रारीचं सांगायचं तर रस्ते दोन आहेत आणि ते मिसळले की वेळ वाया जातो. आकारणी चुकली असेल, म्हणजे टप्पा, महिना, युनिट किंवा शुल्काची बेरीज, तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज आणि पोच. सोबत बिल, त्या महिन्याचं परिपत्रक आणि स्वतःचा हिशेब एका पानावर. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाच्या आदेशावर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. पण परिपत्रकातला दरच जास्त वाटतो ही तक्रार मंचापुढे टिकत नाही, तो दर आयोगाच्या सूत्रातून आलेला असतो. त्यासाठी जागा म्हणजे दरनिश्चितीच्या अर्जावरची जनसुनावणी, जी नवी मुंबईतही ठेवली जाते. आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरण आहे, पण ते एकट्या ग्राहकाला पेलणारं नाही. सोसायट्यांच्या महासंघांनी मनावर घेतलं तर जमेल.

सुनावणीला लेखी हरकत देताना ‘दरवाढ अन्यायकारक आहे’ एवढंच लिहिलं तर ते नोंदीत जातं आणि तिथेच राहतं. त्याऐवजी चार आकडे मागावेत, प्रत्येक वीज केंद्राचे, महिन्यावार : कोळशाचं बिल कोणत्या उष्मांकाचं आलं, केंद्रावर उतरताना किती भरला, भट्टीत जाताना किती होता, आणि प्रत घसरल्याबद्दल कोळसा कंपनीकडून किती रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून परतावा, मिळाली. शेवटचा आकडा विशेष आग्रहाने मागावा. ती रक्कम मिळाल्यावर ग्राहकाच्या खात्यात वजा झाली की नाही, हे आयोगाला त्याच आदेशात लिहावं लागेल.